नॉरिस दोन पॉइंटनं जिंकला खरा, पण जिंकवलं कोणी? गाडीनं का पिटवॉलनं?

धुऱ्यावरचा (समुद्रपूर तालुका) | 11 जानेवारी 2026, रात्री 10:12

मंडळी, हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात आलोय. या आठवड्यात लाईन रात्रीची आहे, म्हणजे पहाटेपर्यंत जागणं आलंच. दर तीन तासांनी स्प्रिंकलरचे पाइप उचलून पुढे न्यायचे आणि मधल्या वेळात शेकोटीजवळ बसून मोबाईल पाहायचा. फॉर्म्युला वन मोटार रेसचा सीझन संपून महिना झाला. जुन्या रेसांचे तुकडे पाहता पाहता डोक्यातला तोच किडा पुन्हा वळवळायला लागला.

2025 चा शेवटचा हिशेब: मक्लारेनचा नॉरिस 423, रेड बुलचा वर्स्टॅपेन 421, मक्लारेनचाच पियास्त्री 410.

ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी नेदरलँड्समधल्या झांडवूर्टला पियास्त्री जिंकला, तेव्हा वर्स्टॅपेन त्याच्या 104 पॉइंट मागे होता. एकशे चार! त्या संध्याकाळी मी घरी जाहीर केलं होतं की आता हे मक्लारेनचे दोघे आपसात वाटून घेतील, बाकीच्यांनी घरी जावं. आणि डिसेंबरात अबू धाबीला हिशेब दोन पॉइंटवर आला.

तर प्रश्न असा की हे अजिंक्यपद मक्लारेनच्या गाडीनं जिंकलं की रेसमधल्या डावपेचांनी, म्हणजे ट्रॅकशेजारी बसून डाव ठरवणाऱ्या पिटवॉलनं?

माझं मत गाडीच्या बाजूनं. मार्च ते ऑगस्ट ती गाडी इतकी पुढे होती की नंतरचा सगळा गोंधळ त्या साठ्यावर भागला. कोठी भरलेली असली की उंदरांनी थोडं खाल्लं तरी वर्ष निघतं. पिटवॉलनं कोठीला फक्त भोकं पाडली.

तुम्हाला काय वाटतं?

---

तर्री_कमी (नागपूर) | रात्री 10:20

कतारला तर मक्लारेनची पिटवॉल वर्स्टॅपेनच्या पगारावर होती असं माझं ठाम मत आहे.

---

आकडेमोड (पुणे, मूळ दारव्हा) | रात्री 10:41

धुऱ्यावरचा भाऊ, मत अर्धं पटलं. आता हे आकडे पाहा, झोप उडेल.

पहिली गोष्ट इटलीतल्या मोंझाची. पियास्त्रीला आधी पिटमध्ये (टायर बदलायच्या जागी) घेतलं, नॉरिसला नंतर. नॉरिसचं चाक बसायला वेळ लागला आणि तो पियास्त्रीच्या मागे गेला. टीमनं पियास्त्रीला सांगितलं की जागा परत दे. त्यानं कुरकुरत दिली. नॉरिस दुसरा, 18 पॉइंट. जागा दिली नसती तर तिसरा, 15 पॉइंट. म्हणजे वर्षाअखेर 420. वर्स्टॅपेन 421.

दुसरी गोष्ट कतारची. शेवटून दुसऱ्या लॅपला (फेरीला) मर्सिडीजच्या अँटोनेलीची गाडी जरा बाहेर गेली आणि नॉरिस पाचव्याचा चौथा झाला. 10 ऐवजी 12. ती चूक झाली नसती तर दोघेही 421 वर. बरोबरी झाली की जास्त विजय कोणाचे ते बघतात. वर्स्टॅपेनचे 8, नॉरिसचे 7.

म्हणजे एक सभ्य ऑस्ट्रेलियन आणि एक घाबरलेलं इटालियन पोरगं, या दोघांतलं एक जण जरी वेगळं वागलं असतं तरी कप वर्स्टॅपेनच्या घरी गेला असता. यात गाडी कुठे आली?

---

हार्ड_टायर (अकोला) | रात्री 10:55

आत्याबाईला मिशा असत्या तर!

असे जर-तर दोन्हीकडून काढता येतात. बार्सिलोनाचं काय? सेफ्टी कारमध्ये (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला पुढे येते ती गाडी) रेड बुलकडे वर्स्टॅपेनसाठी नवे सॉफ्ट, म्हणजे मऊ आणि वेगवान टायर उरले नव्हते, म्हणून त्याला हार्डवर, म्हणजे कडक आणि हळू टायरवर पाठवलं. आजूबाजूचे सगळे सॉफ्टवर. तो चिडला, मर्सिडीजच्या रसेलला जाऊन भिडला आणि 10 सेकंदांचा दंड खाल्ला. पाचव्याचा थेट दहावा. 10 पॉइंटऐवजी 1. हे नऊ पॉइंट कुठल्या वहीत लिहायचे? आणि झांडवूर्टला नॉरिस दुसरा चालला असताना ऑइल गळून गाडी बंद पडली, ते 18?

---

आकडेमोड | रात्री 11:02

@हार्ड_टायर मान्य. पण तुम्ही बार्सिलोनाचं सांगून माझंच म्हणणं पक्कं केलं. टायरचे संच आधीच खर्च करून बसणं हा डावपेचाचाच भाग झाला ना. त्यात राग मिसळला की दहावा नंबर.

---

पहिलाच_लॅप | रात्री 11:10

मी नवीन आहे, भाचा बघतो म्हणून मागच्या वर्षीपासून बघायला लागले. कतारला नेमकं काय झालं ते कोणी साध्या मराठीत सांगेल का? आणि कॉमेंटरीत सारखं अंडरकट अंडरकट म्हणतात, ते काय असतं? भाचा म्हणतो, मावशी तुला नाही समजणार.

---

बोंडअळी_हटाव (घाटंजी) | रात्री 11:31

मावशी, भाच्याले म्हणा उगा राह्य. मी सांगतो.

अंडरकट म्हणजे असं. तुमच्या समोर एक गाडी हाये, रस्ता अरुंद, पुढं काढता येत नाई. दोघायचेही टायर घासलेले. तुम्ही त्याच्याआधी पिटात घुसता, नवे टायर टाकता अन् मोकळ्या रस्त्यावर दोन-तीन लॅप जीव तोडून पळवता. थो बिचारा जुन्या टायरवर घसरत राह्यते. त्यानं पिट करून बाहेर येऊन पाह्यलं तं तुम्ही त्याच्या पुढं. रस्त्यावर न भिडता मात. पेट्रोल पंपावर लाईन लागायच्या आधी जाऊन आल्यासारखं.

आता कतार. तठी टायर कंपनीनं नियम टाकला होता का एका टायरच्या संचावर 25 लॅपपेक्षा जास्त पळायचं नाई. रेस 57 लॅपची. म्हणजे दोन पिट सगळ्यायलेच. बरोबर सातव्या लॅपले दोन गाड्या भिडल्या अन् सेफ्टी कार आली. आता 57 मधून 7 गेले, राह्यले 50. पंचवीस दुणे पन्नास! देवानं हिशेब करून ताटात वाढून देल्ला. सेफ्टी कारमध्ये सगळे हळू चालते, त्याच्यानं पिटात जाणारा वेळ लई कमी पडते. जवळजवळ सप्पे आत घुसले.

मक्लारेनचे दोघंबी बाहेर राह्यले. काऊन? त्यायलेच ठाऊक. मंग दोन्ही पिट त्यायले भर वेगात करा लागले. पियास्त्री पोलवर होता, म्हंजे सगळ्यायच्या पुढून निंगाला, तरी दुसरा आला. नॉरिस चौथा. वर्स्टॅपेननं फुकटात रेस नेली.

आमच्या गावचं पोट्टं बी 57 मधून 7 काढू शकते.

---

पहिलाच_लॅप | रात्री 11:36

समजलं! भाच्याला आत्ताच पाठवलं. खूप आभार भाऊ.

---

तर्री_कमी | रात्री 11:38

"देवानं हिशेब करून ताटात वाढून देल्ला" हे मक्लारेनच्या फॅक्टरीत भिंतीवर लिहायला पाहिजे.

---

रोलर_बदला (हिंगणघाट) | रात्री 11:58

बोंडअळी दादा, मस्त सांगितलंत. फक्त "त्यायलेच ठाऊक" हे पूर्ण पटत नाही. त्यांची अडचण मला कळते. पुढे दोन गाड्या तुमच्याच, दोघेही किताबाच्या शर्यतीत. दोघांनाही एकाच वेळी पिटमध्ये बोलवलं तर मागचा पुढच्याची वाट बघत उभा राहतो आणि त्याचं नुकसान होतं. एकाला बोलवून दुसऱ्याला बाहेर ठेवलं तर कोणावर तरी अन्याय. वर्षभर "दोघांना सारखं" या हट्टानं चालवलं आणि नेमक्या त्या क्षणी हट्टाचं ओझं झालं, असा माझा अंदाज. वर्स्टॅपेनच्या टीमला हा प्रश्नच नव्हता. त्यांच्या दुसऱ्या गाडीतल्या त्सुनोदाचे अख्ख्या वर्षाचे पॉइंट 33.

आता मूळ प्रश्नाकडे. मी जिनिंगमध्ये मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे सीझनमध्ये मशीन उघडायचं म्हणजे मालकाच्या छातीत धस्स होतं. कापसाच्या गाड्या दारात उभ्या, आणि तुम्ही म्हणता रोलर बदलते, सेटिंग नवीन करते. बदललं तर उद्यापासून जास्त गाठी निघतील, पण आजची पाळी बुडेल. नाही बदललं तर चामड्याचा रोलर झिजत जाणार आणि रोज थोडा थोडा माल कमी पडणार. कधी थांबायचं हे सांगणारं कुठलंही मॅन्युअल नाही.

फॉर्म्युला वनमध्ये हेच, फक्त वर आणखी दोन बेड्या. एक खर्चाची मर्यादा. ती 2021 साली आली, तेव्हा 145 दशलक्ष डॉलर होती, पुढे खाली आणली. दुसरी बेडी विंड टनेलच्या (गाडीवर हवा सोडून चाचणी घ्यायच्या बोगद्याच्या) वेळेची. जो पहिला येतो त्याला सगळ्यात कमी वेळ मिळतो: पहिल्याला ठरलेल्या वेळेच्या 70 टक्के, दुसऱ्याला 75, असं पाच-पाचनं वाढत दहाव्याला 115. मक्लारेन 2024 ला 666 पॉइंट घेऊन टीममध्ये पहिली आली, म्हणजे 2025 ची सुरुवात 70 टक्क्यांवर. तिसऱ्या आलेल्या रेड बुलला 80.

त्यात 2026 ला गाडी अख्खी नवी. इंजिन नवं, जवळजवळ अर्धी ताकद विजेची, पंख हलते. म्हणजे 2025 मध्ये घातलेला प्रत्येक तास 2026 च्या पोटातून काढलेला. मक्लारेन पुढे होती, तिनं लवकर 2026 कडे तोंड वळवलं. रेड बुलनं उलट केलं. जुलैत टीमप्रमुख हॉर्नर गेले, त्यांच्या जागी मेकीज आले आणि हीच गाडी आधी नीट समजून घेऊ म्हणून ते तिच्यावर काम करत राहिले. मोंझाला नवा फ्लोअर (गाडीचा तळ) आणला आणि तिथून वर्स्टॅपेन सुटला. मोंझा, बाकू, ऑस्टिन, लास वेगास, कतार, अबू धाबी. शेवटच्या नऊ रेसांत सहा विजय.

म्हणून धुऱ्यावरचा दादा, 104 चे 2 झाले ते फक्त पिटवॉलच्या भोकांनी नाही. एकानं मशीन उघडायचं थांबवलं, दुसऱ्यानं उघडत ठेवलं.

---

धुऱ्यावरचा | 12 जानेवारी, रात्री 12:20

ताई, हे झकास. पाइप बदलून आलो, परत वाचतो. बोटं गारठली आहेत, टाइप होत नाहीये.

---

हार्ड_टायर | रात्री 12:24

मक्लारेनचा पिट स्टॉप: 1.80 सेकंद (कतार 2023, आजवरचा सगळ्यात वेगवान). धुऱ्यावरच्याचा पाइप स्टॉप: 20 मिनिटं. दंड लावा.

---

धुऱ्यावरचा | रात्री 12:31

चौदा पाइप आहेत साहेब, आणि पिट क्रू म्हणजे मी आणि एक कुत्रा.

---

खामगाव_एक्स्प्रेस | सकाळी 7:15

सकाळी उठून वाचलं. चर्चा चांगली आहे, पण सगळे 2025 वरच अडकलेत. गाडी की डावपेच याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण 2009 चं आहे.

होंडानं डिसेंबर 2008 मध्ये टीम सोडली. रॉस ब्रॉननं ती वाचवली, मर्सिडीजचं इंजिन बसवलं आणि डबल डिफ्यूझर नावाची युक्ती घेऊन मैदानात उतरला. त्याचा ड्रायव्हर जेन्सन बटननं पहिल्या सातपैकी सहा रेस जिंकल्या. त्यानंतर उरलेल्या दहात? शून्य. टीमकडे गाडी पुढे न्यायला पैसाच नव्हता. रेड बुल मागून दर रेसला जवळ येत होती. तरी ब्राझीलमध्ये बटन चौदाव्या जागेवरून निघून पाचवा आला आणि एक रेस बाकी असतानाच चॅम्पियन झाला.

तिथे डावपेच वगैरे काही नव्हतं. आधी कमावलं, मग बसून खाल्लं. धुऱ्यावरच्याची कोठी म्हणजे हीच.

---

रोलर_बदला | सकाळी 8:05

@खामगाव_एक्स्प्रेस उदाहरण चांगलं, पण ब्रॉनकडे पर्याय नव्हता, पैसे संपले होते. मक्लारेननं हातात असताना थांबवलं. गरिबीनं उपास आणि एकादशीचा उपास यात फरक आहे.

---

आकडेमोड | सकाळी 9:12

मग 2010 पण घ्या. अबू धाबीला शेवटच्या रेसला येताना फेरारीचा अलोन्सो 246, रेड बुलचे वेबर 238 आणि व्हेट्टेल 231. फेरारीचं सगळं लक्ष वेबरवर. वेबर लवकर पिटमध्ये गेला, त्याला झाकायला अलोन्सोला पण बोलवलं. बाहेर आला तो पेट्रोव्हच्या रेनॉच्या मागे. पेट्रोव्हनं सुरुवातीच्या सेफ्टी कारमध्येच टायर बदललेले, त्याला पुन्हा थांबायचंच नव्हतं. अलोन्सो उरलेली रेस त्याच्या पाठीमागे मुठी आवळत बसला. सातवा आला. व्हेट्टेल जिंकला आणि 256 विरुद्ध 252 नं चॅम्पियन झाला. अख्ख्या वर्षात व्हेट्टेल पहिल्यांदा एक नंबरवर आला तो शेवटच्या रेसनंतर!

भलत्याच माणसावर नजर ठेवली की असं होतं. मक्लारेनला 2025 च्या शेवटच्या रेसला हे नक्की आठवलं असणार. पियास्त्रीला हार्डवर सुरुवात करायला लावली, नॉरिसला मिडियमवर, म्हणजे दोन्ही दारं उघडी.

---

बोंडअळी_हटाव | सकाळी 9:50

आता मायं ऐका. तुम्ही सप्पे हुशार लोकं गाडी का डोकं, गाडी का डोकं करून राह्यले. तिसरी गोष्ट कोणी बोलतच नाई. पाणी!

आमच्याकडं जूनच्या पह्यल्या आठवड्यात काही लोकं धूळपेरणी करते. कोरड्या मातीत सरकी टाकून द्याची अन् वर पाह्यत बसाचं. पाऊस आला तं तुमची पऱ्हाटी गावात सगळ्यायच्या पुढं. नाई आला तं दुबार पेरणी, बियाण्याचा पैसा मातीत. 2024 ले ब्राझीलमध्ये हेच झालं. पाणी पडून राह्यलं होतं. नॉरिस अन् रसेल पुढं होते, ते टायर बदलाले पिटात गेले. वर्स्टॅपेन सतराव्या नंबरावरून निंगाला होता, थो बाहेरच राह्यला. तेवढ्यात एक गाडी आदळली अन् लाल झेंडा, म्हंजे रेस थांबली. लाल झेंड्यात टायर फुकट बदलता येते. वर्स्टॅपेन रेस जिंकला, नॉरिस सहावा. त्या वर्षीचा किताब तठीच संपला.

आता सांगा, हे डोकं होय का नशीब? धूळपेरणी साधली का गाव म्हणते काय अभ्यास हाये बावा याचा. नाई साधली का म्हणते बयताड हाये.

---

खामगाव_एक्स्प्रेस | सकाळी 10:02

टोपी काढली दादा.

---

हार्ड_टायर | सकाळी 10:15

पण दादा, त्या दिवशी पाण्यात सतराव्यावरून वर येत कितीतरी गाड्या त्यानं स्वतः ओलांडल्या, ते नशीब नव्हतं. पाऊस सगळ्यांच्या वावरात पडला होता.

---

बोंडअळी_हटाव | सकाळी 10:19

हाव, हे बी खरंच. शेत पेरणाऱ्याचं लागते.

---

वैतागलेला_तिवसा | दुपारी 1:40

विषयांतर होतंय, माफ करा. लास वेगासची रेस आपल्याकडे रविवारी सकाळी साडेनऊला होती. नेमकी त्याच दिवशी कापूस वेचायला बाया सांगितलेल्या. मोबाईल झाडाला अडकवून बघू म्हटलं. आमच्याकडे ज्या कंपनीचं नेटवर्क आहे ते वावरात आंब्याच्या झाडाखालीच मिळतं, तेही उत्तरेकडच्या फांदीजवळ. पंधराव्या लॅपला गोल चक्र फिरायला लागलं ते थेट पोडियमलाच थांबलं. वर्स्टॅपेन, नॉरिस, रसेल. संध्याकाळी घरी आलो तर मुलगी म्हणते, बाबा, नॉरिस बाद झाला. मला वाटलं चेष्टा करतेय.

---

तर्री_कमी | दुपारी 1:52

दोन्ही मक्लारेन बाद. तुमच्या मुलीनं पियास्त्रीचं सांगायचं दयेपोटी टाळलं असेल.

---

धुऱ्यावरचा | दुपारी 2:30

वेगासचा विषय निघाला ते बरं झालं. झोपून उठलो, डोकं ताळ्यावर आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गाडीच्या पोटाखाली एक फळी असते, 10 मिलिमीटर जाड. रेस संपल्यावर ती 9 पेक्षा कमी भरली तर गाडी बाद. कारण काय, तर गाडी जमिनीला जितकी चिकटून पळेल तितकी हवा तिला खाली दाबते आणि वळणावर वेग मिळतो. म्हणून प्रत्येक जण गाडी खाली आणतो आणि फळी घासत घासत पळतो. वखराची पास किती खोल लावायची तसंच. वर ठेवली तर गवत राहतं, फार खाली गेली तर बैलाचा जीव जातो.

मक्लारेनची फळी मिलिमीटरच्या जराशा भागानं कमी भरली. नॉरिसचे 18 आणि पियास्त्रीचे 12 पॉइंट गेले. नॉरिस 390 वर थांबला, आणि पियास्त्री आणि वर्स्टॅपेन दोघेही 366.

आता मला सांगा, ही गाडीची चूक की डोक्याची? कालच्या माझ्या प्रश्नात याचा खाना कुठला? गाडी त्यांनीच बनवली, किती खाली ठेवायची हे त्यांनीच ठरवलं. काल रात्री मी "गाडी" लिहून मोकळा झालो होतो. रोलर ताईंचं वाचल्यावर वाटतंय, माझा प्रश्नच नीट मांडला गेला नव्हता.

---

धुरकरी_जुना (धामणगाव रेल्वे) | दुपारी 3:10

मी रेस वगैरे बघत नाही, मुलानं हा धागा दाखवला. पण एका दावणीचे दोन जनावर यावर बोलायचा मला हक्क आहे.

तळेगाव दशासरच्या शंकरपटाचं नाव ऐकलंच असेल. निकाल सेकंदांवर लागतो, सेकंदाच्याही भागांवर. लोकांना वाटतं तेज बैल मिळाला की जिंकलो. नाही. जोडी जमावी लागते. एक बैल निघतानाच उसळणारा आणि दुसरा मागून जोर धरणारा असेल तर छकडा वाकडा जातो आणि वेळ दोघांचा मिळून जातो. माझ्याकडे एकदा दोन बैल होते, वेगवेगळ्या जोड्यांत दोघेही पहिले यायचे. एकत्र जुंपले तर तिसरे. सात महिने सराव केला तरी ते एकमेकांकडेच बघायचे.

तुमच्या त्या नारंगी टीमचं मुलानं सांगितलं तेव्हा मला तेच दोन बैल दिसले.

---

तर्री_कमी | दुपारी 3:14

या धाग्यावरची सर्वोत्तम कॉमेंट एका न बघणाऱ्यानं लिहिली आहे.

---

शांत_गल्ली (वर्धा) | दुपारी 3:40

काका, तुमच्या अनुभवाचा आदर आहे, पण शंकरपट आणि मोटार रेस एका मापात मोजू नका. पैशासाठी गाडीत बसणारा माणूस स्वतःच्या मर्जीनं बसतो. बैलाला कोणी विचारत नाही. 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं बंदी उगाच घातली नव्हती.

---

धुरकरी_जुना | दुपारी 4:05

पोरी, ती बंदी मी पाहिली आहे. त्या काळात गोठ्यातले बैल विकताना रडलेली माणसंही पाहिली आहेत. डिसेंबर 2021 ला अटींसह परवानगी आली, 2023 ला घटनापीठानं कायदा मान्य केला. काठी, तुतारी, सगळं बंद. अट पाळत नाही त्याला पटातून हाकला, माझाही हात लावीन. पण पट नसेल तर हा बैल सांभाळणार कोण? ट्रॅक्टर आल्यापासून शेताला त्याची गरज उरली नाही.

---

शांत_गल्ली | दुपारी 4:20

तुमचं म्हणणं पोचलं काका. तरी माझं मत तेच राहील.

---

संपादक_मंडळ | दुपारी 4:30

दोघांचेही मुद्दे आले. शंकरपटावर वेगळा धागा काढावा, इथे रेसवर परत येऊ या.

---

रोलर_बदला | संध्याकाळी 7:45

कामावरून आत्ता आले. धुरकरी काकांच्या बैलांवरून एक राहिलेली गोष्ट.

मक्लारेनवर सगळे हसतात की दोघांना सारखं वागवून वर्स्टॅपेनला आत येऊ दिलं. रेड बुलसारखं एकाला नंबर एक केलं असतं तर ऑक्टोबरमध्ये निकाल लागला असता, हे खरंच. पण नंबर एक कोणाला करणार होते? ऑगस्टअखेर पियास्त्री नॉरिसच्या 34 पॉइंट पुढे होता. त्या दिवशी ठरवायचं असतं तर त्यालाच केलं असतं. आणि पुढच्या महिन्यात बाकूला त्यानं पात्रता फेरीत भिंत गाठली, रेसमध्ये दिवे विझायच्या आधीच सुटला आणि पहिल्याच लॅपला परत भिंत. मग काय केलं असतं? अर्ध्यातून उलटं फिरवलं असतं?

दोघांना सारखं ठेवल्यामुळे पियास्त्री ढासळला तेव्हा नॉरिस तयार होता. मेक्सिको आणि ब्राझील त्यानं सलग मारलं. ज्या नियमामुळे त्यांचं कतारला हसं झालं, त्यानंच त्यांच्याकडे दुसरा घोडा शिल्लक ठेवला. मोंझाचे ते तीन पॉइंट पण त्याच नियमातून आले, आकडेमोड दादांनीच दाखवलंय.

आणि वर्स्टॅपेनच्या बाजूनं बघा. शेवटच्या रेसला त्सुनोदाला नॉरिसला अडवायला ठेवलं होतं. त्यानं आडवंतिडवं करून पाहिलं, पाच सेकंदांचा दंड झाला, नॉरिस निघून गेला. दुसऱ्या गाडीत पियास्त्रीच्या तोडीचा कोणी असता तर नॉरिसला तिसरा नंबर मिळाला असता का? आणि तिसरा नंबर नसता तर किताबही नसता.

---

आकडेमोड | रात्री 8:10

चौथा आला असता तर 12, एकूण 420. बरोबर आहे ताई. आता मी वही मिटतो.

---

हार्ड_टायर | रात्री 8:22

म्हणजे निष्कर्ष असा की मक्लारेन स्वतःच्या मूर्खपणामुळे जवळजवळ हरली आणि त्याच मूर्खपणामुळे जिंकली?

---

रोलर_बदला | रात्री 8:25

मूर्खपणा नका म्हणू. पण हो, साधारण तसंच.

---

वैतागलेला_तिवसा | रात्री 8:40

2022 च्या फेरारीबद्दल कोणीच काही बोललं नाही. ऑस्ट्रेलियानंतर त्यांचा लक्लेर वर्स्टॅपेनच्या 46 पॉइंट पुढे, आणि वर्षाअखेर 146 मागे. मोनॅको, सिल्व्हरस्टोन, हंगेरीचे फसलेले डाव...

---

तर्री_कमी | रात्री 8:41

त्या विषयावर आम्ही सुतक पाळतो.

---

धुऱ्यावरचा | रात्री 10:30

पुन्हा वावरात. आज शेवटची पाळी, उद्या संक्रांतीच्या तयारीला घरी हजर राहायचा हुकूम आहे.

मत थोडं बदललंय. कोठी गाडीनंच भरली, यावर अजून ठाम आहे. पण कोठी भरलेली असताना पुढच्या वर्षाच्या पेरणीसाठी त्यातलं बियाणं किती काढून ठेवायचं, हाही घरातल्याच माणसाचा निर्णय. मक्लारेननं जास्त काढून ठेवलं, म्हणून डिसेंबरात मडक्याच्या तळाला हात लागला. ते बियाणं चांगलं निघालं की किडकं, हे मेलबर्नला कळेल. 2026 ची गाडी पळाली तर आपण म्हणू काय दूरदृष्टी. नाही पळाली तर बोंडअळी दादांचं धूळपेरणीचं वाक्य आहेच.

मेलबर्नची रेस 8 मार्चला, आपल्याकडे रविवारी सकाळी साडेनऊला. तोवर हरभरा सोंगून झालेला असेल. माझ्या झोपडीपाशी नेटवर्क चांगलं आहे, फक्त चार्जिंगचा वांधा. कोणी जवळपासचं असेल तर या. चहा माझा, पॉवर बँक तुमची.

---

बोंडअळी_हटाव | रात्री 10:38

येतो. घाटंजीहून निंगाले लागन सकाळी सहाले. पण मले सेफ्टी कार आली तं लगेच सांगजा, झोपलो असन तं उठवजा.

---

पहिलाच_लॅप | रात्री 10:44

भाचा विचारतोय, तो पण येऊ का. दहावीची परीक्षा चालू असेल त्याची. मी नाही म्हणाले आहे. तुम्ही पण नाही म्हणा.

---

धुऱ्यावरचा | रात्री 10:47

नाही.

पाइप बदलायची वेळ झाली.